सादेच्या कुंडावर

फाल्गुन शु. २

गुरुजी आले होते. ओसरीवर मामंजींशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मी आत ताक घुसळत होते. रवी थांबवली तर मुद्दाम ऐकायला थांबले असं होईल, म्हणून थांबवली नाही. तरी ऐकू आलंच.

बारा वर्षं पुरी झाली. कर्नाटकच्या स्वारीत तुंगभद्रेच्या पुरात नाव उलटली, त्याला. काही माणसं पलीकडच्या तीरी लागली म्हणतात, कोणती ते कळलं नाही. आमचे हे त्या नावेत होते. शास्त्राप्रमाणे आता वाट पाहायची नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग सुतक, दिवस, सगळं रीतसर.

"थोरला असा अधांतरी राहिलाय, म्हणून धाकट्याचा पाळणा हलत नाही," गुरुजी म्हणाले.

मामंजी म्हणाले, "पळस आत्ता नुसता फुललाय. पान कुठाय त्याला?"

"ताजंच पान हवं. चैत्रात पालवी येईल, तेव्हा बघू."

म्हणजे माझ्या कुंकवाला पळसाचं पान फुटेपर्यंत मुदत.

हे वाक्य लिहिल्यावर जरा जास्त वाटलं. पण खरं आहे, म्हणून खोडत नाही.

फाल्गुन शु. ३

आज दुपारी गोदानं माझ्या केसांना तेल लावलं. दर आठवड्याला लावते. धाकटी जाऊ, पण मायेनं बहीण. तिची दोन बाळं बारशाआधीच गेली. आता पुन्हा दिवस गेलेत, पोट दिसू लागलंय.

तेल लावता लावता तिचा हात थांबला. "किती दाट आहेत हो जाऊबाई," म्हणाली. माझ्या मानेवर कोमट थेंब पडला. तो तेलाचा नव्हता.

पुतळ्याला अग्नी दिला की न्हावी येणार, हे तिलाही कळतं. मी तिला म्हटलं, "गोदे, वेणी घट्ट घाल. सैल झाली तर पुन्हा तुलाच घालावी लागेल." ती हसली. मला एवढंच सुचलं.

गुरुजी म्हणतात त्यात किती खरं, मला माहीत नाही. पण माझ्या कुंकवापायी तिचं मूल जाणार असेल तर? असं असेल असं वाटत नाही. नसेल असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

फाल्गुन शु. ४

सकाळी शेजारच्या काकू ओसरीवरून जाता जाता म्हणाल्या, "बाईमाणसानं बोरू धरला की कुंकवाला भोवतो, आम्ही तेव्हाच म्हटलं होतं."

मामंजी पान जुळवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बोरूनं माणसं मरत असती तर या घरात कुणी उरलंच नसतं. दोन पिढ्या आम्ही दुसरं काही करत नाही."

सरकारी दफ्तरातून रद्दी झालेले कागदाचे बंद तेच मला आणून देतात. एका अंगाला कच्चे खर्डे, दुसरं अंग कोरं. ते माझं.

माहेरी नानांनी बोट धरून धुळपाटीवर अक्षरं शिकवली. आता ते नाहीत. ते सांगायचे, "लिहिशील ते खरं लिही. खरं लिहवत नसेल तिथं जागा कोरी सोड. कोरी जागा खोटं बोलत नाही." यांचं नाव मी आजवर लिहिलेलं नाही, ती जागा मात्र खोटेपणामुळे कोरी नाही. ती रीत आहे.

फाल्गुन शु. ५

सासूबाईंनी आज अचानक ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, "पुतळा बितळा नंतर. आधी सादेच्या कुंडाला विचारायचं."

कात्रजच्या तळ्याच्या वर डोंगरात एक कुंड आहे. त्यांच्या माहेरच्या बायका तिथं जात. माणूस मोहिमेवर जाऊन परतला नाही की त्याच्या बायकोनं काठावर उभं राहून त्याचं नाव घेऊन हाक मारायची. माणूस असेल तर तळातून बुडबुडे येतात. नसेल तर पाणी हलत नाही.

मामंजी म्हणाले, "पाण्याला विचारून कळत असतं तर सरकारनं जासूद कशाला पोसले?"

"पाण्यानंच नेलाय त्याला. मग पाण्यालाच विचारणार. तुमच्या जासुदांनी काय आणलं इतक्या वर्षांत?"

मामंजींनी हात धुतले आणि उठून गेले. जरा वेळानं बाहेरूनच आवाज आला, "सोमवारी गाडी सांगतो."

गुरुजींना विचारलं. "शास्त्रात नाही. पण शास्त्राच्या आड येत नाही," म्हणाले.

सासूबाईंचा (पुढं कागद वाचवायला नुसतं सा.बा.) गुडघा धरलाय, त्यांना चढवणार नाही. माझ्याबरोबर भाऊजी येतील. त्यांची तर थोरल्या भावाबद्दल बोलायचीही तयारी नसते. पण आईपुढं नाही म्हणता येत नाही त्यांना.

नाव घेऊन हाक मारायची. मी.

फाल्गुन शु. ७

धान्याच्या रिकाम्या कणगीत तोंड घालून पाहिलं. घरात कोणी नव्हतं, गोदा झोपली होती. नावाचं पहिलं अक्षर निघालं. कणगीनं ते मोठं करून परत दिलं आणि मी इतकी दचकले की कपाळ कडेवर आपटलं. सासूबाईंनी टेंगूळ पाहिलं.

आयुष्यात एकदाच घेतलंय, लग्नानंतर उंबऱ्यावर, उखाण्यात. तेही बायकांनी चार वेळा पढवून. तेव्हा मी लहान होते, सगळ्या हसल्या, मीही हसले.

बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. मग ते जिवंत असतील तर माझ्याच हाकेनं काही झालं तर? आणि जिवंत नसतील तर हाक कोणाला? कुठूनही बघितलं तरी मीच चुकणार. सासूबाईंना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू फार विचार करतेस उमे. विचार करायला तुला शिकवलं कुणी?" मग स्वतःच म्हणाल्या, "नानांनी."

फाल्गुन शु. ८

उद्या जायचं.

यांचा चेहरा आठवत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. मधल्या बोटाला शाईचा डाग होता तो आठवतो. चालताना डावा खांदा जरा पुढं असायचा. आवाज आठवतो असं वाटतं, पण खात्री नाही.

स्वारीवर निघायच्या दिवशी गोठ्याच्या दाराशी गाठ पडली. मी शेणाची पाटी घेऊन होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मी परत आलो आणि बाजारात दिसलो तर तू मला हाक कशी मारशील?"

मी म्हटलं, "अहो."

तर म्हणाले, "अहो म्हटलंस तर अख्खा कसबा मागे वळून बघेल."

मला हसू आलं, पाटी डोक्यावर, म्हणून नीट हसताही आलं नाही. तेवढ्यात कुणीतरी बोलावलं त्यांना. एवढंच बोलणं. याहून मोठं आमच्यात कधी झालं नाही.

फाल्गुन शु. १०

काल जाऊन आले. अक्षर अजून वेडंवाकडं येतंय.

पहाटे गाडी निघाली. कात्रजच्या तळ्यापाशी भाऊजींनी बैल सोडले. हेच पाणी नळानं आपल्या हौदात येतं, रोज आपण तेच भरतो, हे ते मला समजावून सांगत होते. मला माहीत होतं. पण त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून ऐकलं.

पायथ्याच्या वाडीत महादेवाच्या देवळाची गुरवीण भेटली. ठकू नाव. हातात काठी, पण टेकत नाही, बोट दाखवायला वापरते. ती पुढं, मग मी, मागं भाऊजी. डोंगराच्या सोंडेवरून वाट जाते. फार लांब नाही, पण उभी आहे. गवत वाळून पिवळं झालंय, पायाखाली सटकतं. करवंदीला हिरवी फळं धरलीत. आणि सगळीकडे पळस. एक पान नाही, नुसती फुलं. इतकी सुंदर फुलं असताना मी पानं शोधत होते.

मध्येच भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा असता तर त्या पुतळ्याचं ऐकून मला या कड्यावरून ढकलून दिलं असतं त्यानं."

"आणि मग घरी येऊन म्हणाले असते, पाय घसरला त्याचा," मी म्हटलं.

ते हसले. मग एकदम त्यांचे डोळे भरले आणि ते दुसरीकडे बघू लागले. "मला मूल हवंय, वहिनी," असं म्हणाले. दगडाकडे बघून. त्यांना मूल व्हावं, असं मलाही वाटतं.

महादेवाच्या पिंडीपाशी भाऊजी थांबले. पुढं हाक मारणारी बाई आणि गुरवीणच जाते.

कुंड कड्याच्या पोटात आहे. वरून दगडाचं छप्पर आलंय. गावजेवणात भात ओततात त्या परातीएवढं. पाणी येतं कुठून दिसत नाही, जातं कुठं दिसत नाही. ठकू म्हणाली, वैशाखात आटत नाही आणि आषाढात सांडत नाही. तळाला पांढरी वाळू, तिचा कण न् कण दिसतो. पाणी आहे हे बोट बुडवेपर्यंत कळत नाही. बोट बुडवलं तर थंडीनं हाडाला कळ लागली.

ठकू खडकावर बसली. "मार हाक. नाव घिऊन. पुटपुटायचं न्हाई, पान्याला ऐकू जायाला हवं."

मी उभी राहिले. तोंड उघडलं, मिटलं. ठकू म्हणाली, "समद्यांचं असंच हुतं. येक बाई सकाळधरनं उनं उतरंस्तवर उभी हुती."

"मग?"

"मग काय. गेली घरी."

मी पदर कमरेला खोचला, डोळे मिटले, आणि हाक मारली. मोठ्यानं. कड्यावरून ती परत आली तेव्हा मला कळलं मी काय म्हटलं होतं.

अहो.

डोळे उघडले. भाताच्या आधणाला तळातून पहिले मणी सुटतात ना, तसे वाळूतून वर आले. थोडेसेच. वर येऊन फुटले आणि पाणी पुन्हा नाहीसं झालं.

ठकूनं पाहिलं. "आलं की," म्हणाली. मग काठी माझ्याकडे करून, "पर नाव कुटं घेतलंस?"

पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा. ठकूनं वाट पाहिली, रागावली नाही. शेवटी उठून म्हणाली, "आता तू सांगशील ते खरं, बाई. मी कुनाला काय सांगत न्हाई."

भाऊजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या पुढं केला.

फाल्गुन शु. ११

परवा घरी आल्याबरोबरचं लिहायचं राहिलं.

सा.बा. दारातच उभ्या होत्या, गुडघा भिंतीला टेकवून. "आलं का?"

"आलं."

त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि बोटं मोडली. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाच गप्प बसले असते तर. पण नानांचं तोंड डोळ्यांपुढं आलं. म्हटलं, "नाव घेववलं नाही. अहो म्हटलं."

"म्हण की. बायको नवऱ्याला दुसरं काय म्हणते? पाण्याला कळत नाही का तेवढं? आलं ना? बस."

मामंजी पाटावर बसलेले. आमटीत भात कालवत होते. म्हणाले, "अहो म्हटलं तर अख्खा कसबा मागे वळून बघेल. पाण्यानं कुणाला ओ दिली कसं कळायचं?"

तेच शब्द. तोच थांबण्याचा ढंग, तसंच शेवटचं अक्षर जरा ओढलेलं. गोठ्याच्या दाराशी जे बोलणं झालं ते आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणजे हे बोलणं यांचं नव्हतंच, घरातलं होतं. किंवा बापाकडून मुलाला आलेलं. इतकी वर्षं जो आवाज आठवतोय की नाही म्हणून मी झुरले, तो रोज या घरात जेवत होता.

माझ्या हातातून वाढायची पळी पडली. मामंजींनी वर पाहिलं. चिडवलं म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं असावं. ते घास न घेता उठले.

आणखी एक. कुंडावर हाक मारली त्या वेळी माझा पाय घसरून खडकावर आपटला होता का? आपटला असावा. नक्की आठवत नाही.

फाल्गुन पौर्णिमा

होळी. पोरं बोंबा मारतायत, घसा फाटेस्तोवर, कुणाचीही नावं घेऊन. वर्षातून एक दिवस कुणाला काही वाटत नाही. बायकांना मात्र आजही मुभा नाही.

पुरणपोळी गोदाला मानवली नाही. ओकून काढली.

फाल्गुन व. ६

गोदाच्या ओटीपोटात कळ आली. अंगावर थोडं गेलंही. वैद्यांनी काढा दिला, पायाखाली उशी दिली, उठायचं नाही सांगितलं. भाऊजी परसात जाऊन उभे होते, कितीतरी वेळ, हौदाकडे तोंड करून.

गोदानं माझा हात धरला. "जाऊबाई, तुम्ही पाणी आलं म्हणा. ठामपणे म्हणा. माझं जे व्हायचं ते होईल." असं म्हणत होती आणि हात सोडत नव्हती. बोटं पांढरी झाली होती तिची.

संध्याकाळी सा.बा. पलंगाच्या कडेला बसल्या. एक हात गोदाच्या पोटावर, दुसरा आपल्या गुडघ्यावर. म्हणाल्या, "पुन्हा जायचं. या खेपेला मी येते. डोली सांगा." मग माझ्याकडे बघून, "नाव घ्यायचं आहे तुला. माझ्यासाठी नाही. हिच्यासाठी. अर्धवट नको आता काही."

चैत्र शु. १

गुढी उभारली. कडुनिंब सगळ्यांनी खाल्ला, मामंजींनी दोनदा.

गोदाला बरं आहे. उठून बसते.

कणगीत आता पूर्ण नाव म्हणता येतं. हळू. रोज म्हणते. पहिल्या दिवशी वाटलं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. हे बरं की वाईट?

चैत्र शु. ४

चैत्रगौर बसली. घरोघरची हळदीकुंकवाची बोलावणी येऊ लागली. काकूंनीही बोलावलं. मला बोलावलं पण नजर भांगावर ठेवून. आंब्याची डाळ चांगली होती. जास्त खाल्ली. पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल, असा विचार करून खाल्ली, मग त्याची लाज वाटली.

चैत्र शु. ८

काल. जसं झालं तसं लिहिते.

भोई डोली घेऊन पुढं होते, मी डोलीच्या बाजूनं. चढावर सासूबाईंनी पडदा वर केला. "पळसाची फुलं गेली की," म्हणाल्या. फुलं गळून वाटेवर सडा पडला होता. एका फांदीच्या टोकाला पालवी होती, तांबूस, लहान मुलाच्या कानाएवढी. मी पाहिली. त्यांनी पाहिली की नाही माहीत नाही. पडदा खाली झाला.

ठकू म्हणाली, "आई कशाला आनलीस? आई तर मेल्यालाबी हाक मारती. पानी तिला वळखतं. वो देत न्हाई."

"मी हाक मारणार नाही," सा.बा. म्हणाल्या. "मी फक्त बसणार."

गुडघ्यापायी ठकूनं भोयांना पिंडीच्या पुढंही येऊ दिलं; त्यांनी डोली कुंडाच्या काठाशी खडकावर टेकवली. जड होती, धपकन बसली. आणि वाळूतून मणी सुटले. तसेच. त्या दिवसापेक्षा जास्तच.

अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

मी बघत राहिले. सा.बा. डोलीतून उतरायच्या गडबडीत होत्या, गुडघा सांभाळत. ठकू पाठमोरी, बेल खुडत होती. भोई कपाळ पुसत होते. पाहिलं ते मी एकटीनं. मग पाणी पुन्हा असं झालं की जणू तिथं पाणीच नाही.

भोई खाली गेले. सा.बा. खडकावर बसल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"सासूबाई, तुम्ही बघा ना."

"मी नाही बघत. बघितलं की संपलं. तू मार."

मी त्यांना काय सांगणार होते? की हे कुंड नुसत्या धक्क्यालाही, पायालाही ओ देतं? त्यांच्या आईनं इथं हाक मारली होती, त्यांच्या आत्यानं मारली होती. त्यांतल्या एकीला बुडबुडे आले आणि सहा महिन्यांनी माणूस दारात उभा राहिला, ही गोष्ट त्यांनी मला लग्नाच्या वर्षापासून सांगितली आहे.

मी वहाणा काढल्या. पाय हलू नयेत म्हणून दोन दगडांच्या मध्ये घट्ट रोवले. आणि नाव घेतलं.

मोठ्यानं. पुटपुटले नाही. ———राव. आडनावासकट. कणगीत म्हणायचे त्याहून कितीतरी मोठ्यानं. कड्यानं ते परत दिलं, आणि माझ्या आवाजातलं त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. परक्या बाईनं हाक मारावी तसं. चांगलं नाव आहे. म्हणायला सोपं आहे. इतकी वर्षं घशात अडकलेली गोष्ट इतकी सोपी होती याचंच मला रडू आलं.

पाण्याकडे बघत राहिले. वाळूचा कण न् कण दिसत होता.

"पुन्हा मार," सा.बा. म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

पुन्हा मारली. मग पुन्हा. आवाज चिरकेपर्यंत. शेवटी शेवटी मी पाण्याला हाक मारत नव्हते, त्यांनाच मारत होते, गोठ्याच्या दाराकडे.

"ऐकलं मी," सा.बा. म्हणाल्या. "चांगली मोठ्यानं मारलीस."

"सासूबाई, पाणी—"

"थांब." त्यांनी चाचपत माझा हात धरला. "इथं नको. घरी गेल्यावर सांग."

उतरताना डोलीचा पडदा पूर्ण वेळ खाली होता.

चैत्र शु. ९

रामजन्म झाला. सुंठवडा वाटला.

सासूबाईंनी विचारलं नाही. काल नाही, आज नाही. मी जवळ गेले की काहीतरी काम सांगतात. जिरं निवड. समई घास. एकदा समई घासलेली असताना पुन्हा घास म्हणाल्या. मी घासली.

भाऊजींनी विचारलं नाही. गोदानं विचारलं नाही, पण मी पाण्याची घागर घेऊन आले की तिची नजर माझ्या तोंडावर येते आणि लगेच दुसरीकडे जाते.

मामंजींनी संध्याकाळी एकच विचारलं. "वर पळसाला पालवी आली का?"

"आली."

"किती?"

"एका फांदीला."

त्यांनी मान हलवली. अडकित्ता उघडून तसाच हातात धरून बसले. सुपारी समोरच होती.

भोयांचं, डोलीचं, कुणालाच सांगितलेलं नाही. कुंड पायानं हलतं हे सांगितलं तर त्या दिवशीचं अहो गेलं. पण मग परवाच्या न हलण्याचंही काय राहिलं? पायानं हलणारं पाणी न हललं म्हणून माणूस नाही, असं कोण म्हणेल. म्हणजे मी काहीच विचारलं नाही आणि कुणीच काही सांगितलं नाही. आणि तरी मी नाव घेतलंय. ते परत घेता येत नाही.

चैत्र शु. १०

आज आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू. सकाळी सासूबाईंनी फणीकरंड्याची पेटी काढली, मला समोर बसवलं आणि स्वतःच्या हातानं मेण लावून कुंकू रेखलं. नेहमीपेक्षा मोठं. "आजचं आज," म्हणाल्या. कड जरा फिसकटली. पुसून नीट करू दिली नाही त्यांनी.

बायका आल्या, गेल्या. पन्हं पुरलं. काकूंनी माझं कुंकू पाहिलं आणि यावेळी काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

सगळं आवरल्यावर गोदानं खुणेनं बोलावलं. माझा हात घेऊन पोटावर ठेवला. "बघा, कालपासून." हाताखाली काहीतरी सरकलं. तळातून वर येऊन हलकेच फुटावं तसं. मी हात तसाच ठेवला. पुन्हा आलं. गोदा हसत होती, आणि तिच्या हसण्यात इतकी भीती होती की मला तिच्याकडे बघवेना.

गुरुजी उद्या येणार, मामंजींनी निरोप पाठवला आहे. ते नक्की विचारतील, त्यांना विचारायला काही वाटणार नाही. पाणी आलं का, बाई? आणि घरातली सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या कामात पाठमोरी असतील. मी त्यांना सांगणार की

इथवर लिहून बोरू खाली ठेवला होता. खालच्या बोळातून कुणीतरी हाक मारली, "अहो." बाईचा आवाज. कुणाची कोण, कुणास ठाऊक. ओसरीवर मामंजींनी मान वळवली, ते मला खिडकीतून दिसलं. परसात भाऊजींचा हात बादलीवर थांबला.

मीही दाराकडे वळून पाहिलं.